यंत्रावर टोपी

जेक्सेनबायनं आधी चहाचा वाडगा पुढे केला,
मग विचारलं, हे बंद होतं ना?
होतं, मी म्हटलं.
मग कर.

उंबऱ्याबाहेरच यंत्र तडतडू लागलं होतं,
निखाऱ्यावर मक्याचा दाणा फुटतो तसं,
आधी एखादा, मग मोजता येऊ नयेत इतके.
मला कळ सापडेपर्यंत त्यानं डोक्यावरची केसाळ टोपी काढली
आणि यंत्रावर ठेवली,
बोलक्या पक्ष्याचा पिंजरा झाकावा तशी.
टोपीखालून बारीक आवाज येतच राहिला.
'हिवाळ्यात भिंतीत उंदीर असतात,' तो म्हणाला,
'त्यांचीही सवय होते.'

बाहेर नुसतं गवत, क्षितिजाला टेकलेलं.
पुढचे पाय बांधलेली एक घोडी.
कुंपणाच्या तारा लोकांनी कधीच विकून खाल्ल्या,
खांब तेवढे उरलेत,
आत कुठलं नि बाहेर कुठलं
हे त्यांनाही आता सांगता येणार नाही.

नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याला सगळंच हवं असायचं.
नदी वरूनच का गोठते, तळातून का नाही.
दिवा बाई आहे
हे रशियन लोकांना कुणी सांगितलं.
शिपाई घरोघर फिरून गेले :
बाहेर या, चरात पालथे पडा, डोळे मिटा.
सगळं गाव पडलं. तोही पडला,
पण उजेड पापण्यांवर आदळल्यापासून
आवाज पाठीवर येईपर्यंत
त्याचे ओठ चिखलात हलत होते.
एकशे बेचाळीस.
आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो, हे धड्यात होतं.
भागिले तीन. सत्तेचाळीस.
बाकी एक.

वहीत अशा चौदा नोंदी झाल्या.
मग वर्गात हात वर करून त्यानं विचारलं,
सर, सत्तेचाळीस किलोमीटरवर काय आहे?

सार्सेन मास्तरांनी वही चाळली,
चुलीचं दार उघडलं, आत ठेवली,
आणि दार लावायला विसरले.
अख्ख्या वर्गानं पानं एकेक वळताना पाहिली.
'मारलं नाही त्यांनी,' जेक्सेनबाय म्हणतो.
'मारलं असतं तर मी पुन्हा विचारलं असतं.'

धाकटी बहीण अठराव्या वर्षी गेली.
नजर लागली म्हणाले. त्यानं मान डोलावली.
बालझानच्या आजारपणात शहरातून डॉक्टर आला, कागद घेऊन.
लिहिता-वाचता येणाऱ्या या माणसानं
शाईत अंगठा बुडवला.
अंगठेबहाद्दराला कागद समजावत कुणी बसत नाही,
आणि त्याला तेच हवं होतं.

मी नियम सांगितले. हक्क सांगितला.
तो हसला. 'आकडा सांगशील. मग?
विहीर उचलून दुसरीकडे नेऊ?
बालझानला विचारू, कुठल्या वर्षीच्या दुधानं?'
झाकली मूठ म्हणतात ती अशीही असते :
सत्तर वर्षं आवळलेली,
आत काय होतं हे बोटांनाही आठवत नाही,
फक्त ती उघडत नाही.

मी तक्त्यात लिहिलं : घरमालकाचा नकार.
आकडा मला दिसला होता. तो मी लिहिला नाही.

गाडीपाशी पोचले तर तो मागून आला, बोडका,
टोपी मागायला.
यंत्रावरची टोपी मी तशीच उचलून आणली होती.
ती हातात घेऊन तो उभा राहिला.
'किती अंकी?' त्यानं विचारलं,
आणि मी तोंड उघडायच्या आत
दोन्ही कानांवर हात ठेवले.
बोटं मात्र जराशी फाकलेली होती.

मी काही बोलले नाही. दया म्हणून, असं मला वाटलं.

रात्री घरी पोचले. आईनं भांडी विसळली,
मुलगा अंगणात माती उकरत होता, त्याला हाक मारली.
यंत्रातली बॅटरी काढून मी ठेवून दिली,
रोज ठेवते तिथंच,
स्वयंपाकघराच्या खणात, काडेपेटीशेजारी.
अकरा वर्षं मी मोजणी करते.
या घरात ती कधी बसवली नाही.